पूर्णिमाबाईंचं रंगलेलं व्याख्यान

पूर्णिमा ओव्हाळ यांच्या विनोदांना कुणी हसत नसे, आणि म्हणून बाई कधी थांबल्या आहेत असंही नाही. राहायच्या वारज्याला. नोकरी प्रयोगशाळेत, पकडलेले अमली पदार्थ तपासण्याची. वर रजा टाकून कॉलेजांत फुकट व्याख्यानं द्यायची हौस. लेक चैताली दारातच बजावायची, "आई, आज फक्त केमिस्ट्री सांग हं." पण जित्याची खोड!

त्या दिवशी वाघोलीच्या एका कॉलेजात मात्र आक्रीत घडलं.

"मेंदूच्या पेशींवर सेरोटोनिनसाठी राखीव खुर्च्या असतात," बाई सांगत होत्या. "हे कृत्रिम भ्रमकारी रेणू तिथे येऊन बसतात आणि उठायचं नावच घेत नाहीत. आमच्या नणंदेचे मिस्टर बघा, अगदी तसे!"

पहिल्या रांगेतला एक मुलगा खो खो हसला. त्याला बघून मागची रांग हसली, मग अख्खं सभागृह. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी नणंदेच्या मिस्टरांचा आणखी एक किस्सा सांगितला, मग सासूबाईंचा. मुलगा डोळे पुसत, मांडीवर थापा मारत हसतोय आणि बाई नुसत्या उधळल्यात! रेणू राहिले बाजूला.

सासूबाईंचा किस्सा संपला, सभागृह शांत झालं. मुलगा हसतच होता. एसीत बसून घामानं निथळत होता, दात करकरा वाजत होते. बाई खाली उतरल्या. त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पार विस्फारल्या होत्या, कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

"काय घेतलंय यानं?"

"एलएसडी, मॅडम," शेजारचा सोनू पुटपुटला. "हा शुभंकर म्हणाला, लेक्चर बोअर असणार, ट्रिपच्या नशेत तरी ऐकू. सेफ असतं ना ते?"

"जिभेवर ठेवलेला तो औषधाचा कागद कडू लागला का त्याला?"

"हो, खूप. थुंकणार होता."

बाईंना लगेच उमगलं. एलएसडीला चव नसते. कडू कागद म्हणजे बहुधा त्याच्या नावावर खपवलेला दुसराच रेणू. तो रक्तवाहिन्या आवळतो, ताप चढवतो, झटके आणतो. त्याला उतारा नाही. आणि हे सगळं सांगायचं सोडून आपण सासूबाई सांगत बसलो!

हॉस्पिटलला नेताना नगर रोडच्या गर्दीत, गाडीतच शुभंकरला झटका आला. बाई त्याला कुशीवर धरून बसल्या होत्या. हॉस्पिटलच्या दारातच त्यांनी डॉक्टरांना कडू कागदाचं सांगितलं. झटके थांबवायची इंजेक्शनं, अंगाभोवती बर्फ. पोरगं वाचलं.

तो शुद्धीवर आल्यावर बाई भेटायला गेल्या. शुभंकर ओशाळून म्हणाला, "सॉरी मॅडम. तुम्ही काय सांगितलंत, काहीच आठवत नाही. मी इतका हसत होतो म्हणे... खरंच विनोदी होतं का?"

"नाही रे बाळा," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडूच फुटलं.