मेणाचं बाळ

कुवेतमध्ये रविवार शुक्रवारी येतो. सुट्टी शुक्रवारची, म्हणून तिथल्या ख्रिस्ती लोकांनी आपली प्रार्थनाही बिनतक्रार शुक्रवारवर आणून ठेवलेली. इराकी फौजा जाऊन काही वर्षं झाल्यावर मी शुऐबाच्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो आणि आम्ही नवराबायको खैतानला राहायचो. शहरातल्या कॅथेड्रलमध्ये मी एकदाच गेलो, तेही मेणाचं बाळ घेऊन.

आमची मुलगी दिवस भरायच्या बरीच आधी जन्मली. बायको हॉस्पिटलातून घरी आली, मुलगी तिथेच काचेच्या पेटीत राहिली. डॉक्टर रोज "बघू" म्हणायचे. तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं आणि घरी येऊन मी भिंतींशी भांडायचो. बायको मात्र शांत होती. ती गिरगावात वाढलेली. घरी देव, सोवळं, सगळं. पण तिच्या जन्माच्या वेळी तिच्या आईनं वांद्र्याच्या टेकडीवरच्या माऊलीला, म्हणजे मेरीमातेला, नवस बोलून मेणाचं बाळ वाहिलं होतं. मुंबईत त्याचं कुणाला काही वाटत नाही. पाय दुखतो त्यानं मेणाचा पाय वाहावा, घर हवं त्यानं मेणाचं घर. टेकडीवर ते सगळं विकतच मिळतं.

"इथेही माऊली आहेच ना," ती म्हणाली. "मला बाळ आणून दे."

आता कुवेतमध्ये मेणाचं बाळ आणायचं कुठून? शुवैखच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. तिथे कुठल्याही गाडीचा कुठलाही भाग मिळाला असता, बाळ मिळणार नव्हतं. शेवटी इमारतीखालच्या बकाल्यातून, जिथे आम्ही दूध-पाव घ्यायचो, मेणबत्त्यांची पाकिटं आणली आणि पातेल्यात वितळवली. मेण कोमट झाल्यावर हातानंच घडवायला बसलो. कारखान्यातली माझी ड्रॉइंग्ज नीटनेटकी म्हणून नावाजलेली, पण हातांत कला शून्य. डोकं भलतंच मोठं झालं, हातपाय काड्यांसारखे. ते मोडून पुन्हा करायला निघालो तर बायकोनं माझा हात धरला.

"राहू दे. अशीच दिसते ती."

मी तिथेच ओट्याला टेकून रडलो. कितीतरी दिवसांचं राहिलं होतं.

शुक्रवारी गाडी लांब लावावी लागली, इतकी गर्दी. केरळच्या नर्सेस, गोव्याचे स्वयंपाकी, कुणाकुणाच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या फिलिपिनो बायका, सगळे ठेवणीतले कपडे घालून आलेले. आठवडाभर मान खाली घालून वावरणारी ही माणसं इथे मोकळ्या आवाजात बोलत होती. मला त्यांचा हेवा वाटला. आमचा गणपती कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये, दार लावून बसायचा. दाराशी मी चपला कुठे काढायच्या म्हणून घुटमळलो. कुणीच काढत नव्हतं. बायकोनं तरी काढल्या, पिशवीत घातल्या आणि अनवाणी आत गेली. छत उंच होतं, रंगीत काचांतून ऊन येत होतं आणि एवढी माणसं असूनही आत गार वाटत होतं.

माऊलीची मूर्ती एका बाजूला होती. बायकोनं बाळाभोवतीचा रुमाल सोडला आणि बाळ तिच्या पायाशी ठेवलं. छातीवर बिल्ला लावलेला, व्यवस्था पाहणारा एक माणूस लगबगीनं आला.

"मॅडम, इधर खिलौना नहीं रखने का."

"खिलौना नहीं है," ती म्हणाली. "मेरी बेटी है."

त्याला काही कळेना. मेणाचं बाळ त्यानं कधी पाहिलं नसावं. नियमाप्रमाणे फुलं आणि मेणबत्त्या चालत होत्या. मी भांडायला तोंड उघडलं, पण भांडून सांगणार काय? तेवढ्यात बाकावरची एक गोव्याची म्हातारी उठली. त्याला बाजूला नेऊन ती इंग्रजीत काहीतरी बोलली. तो मान हलवून निघून गेला. "दवर बाय," ठेव असं ती बायकोला म्हणाली, आणि जाऊन पुन्हा जपमाळ ओढू लागली.

बायकोनं हात जोडले. मी देवधर्म न मानणारा माणूस, तिच्या शेजारी उभा राहिलो आणि मीही मागितलं. मराठीतच. एवढी मुलगी दे, बाकी काय न्यायचं ते ने.

मंगळवारी फोन आला. मुलगी गेली होती.

इतक्या लहान बाळाला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांची कामं करणारा इजिप्शियन गृहस्थ, आमच्यासाठी दिवसभर धावला आणि शहराबाहेर परधर्मीयांच्या दफनभूमीत जागा मिळाली. तिथे तो होता, खड्डा खणणारा एकजण होता आणि आम्ही दोघं. वारा सुटला होता.

पाटीवर लिहायला मंदूबनं मुलीचं नाव विचारलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बारसंच झालं नव्हतं. घरी आली की करू म्हणत होतो आणि नाव ठेवायची ती आत्या पुण्यात.

बायको वाळूत गुडघे टेकून बसली. पांढऱ्या कापडाची कड तिनं सारली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि आत्यानं करायचं ते "कुर्रर्र" केलं. मग कानातच नाव सांगितलं. वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. उठून तिनं मंदूबला पाटी नको म्हणून सांगितलं.

मी तिला कधी विचारलं नाही. मी बाप, आणि माझ्या मुलीचं नाव मला ठाऊक नाही.