बांधाखालचं पाणी

आमच्या घरात हात आधी चालतो, डोकं मागून येतं. मी शिकलो, नोकरीला लागलो, तेव्हा वाटलं आपण यातून सुटलो. कसलं काय.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. बारामतीजवळच्या एका संशोधन केंद्रात मी मातीतलं पाणी मोजायचो. जमिनीत ॲल्युमिनियमचा पाइप ठोकायचा आणि त्यात यंत्राची कांडी सोडायची. कांडीतून न्यूट्रॉन सुटतात. मातीच्या बारीक छिद्रांत पाणी असलं की त्याला धडकून ते मंदावतात आणि काही माघारी फिरतात. असे मंदावून आलेले जितके जास्त, तितकं पाणी जास्त.

इंदापूर तालुक्यातलं आमचं रान तेव्हा खालून कुजत होतं. ऊस पिवळा पडायचा, बांधालगत मीठ फुटायचं. वरच्या रानाचे तात्या त्यांचं पाणी बांधाखालून आमच्यात ढकलतात, असं आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ठाम म्हणणं. त्यावरून दोनदा मारामारी झाली होती. एकदा आबांचे दोन दात पडले, त्यानंतर आठवड्यातच तात्यांच्या बैलाची शेपटी छाटली गेली. ती कुणी छाटली हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुजं यंत्र आण. एकदाचं त्येच्या तोंडावर मारू," आबा म्हणाले.

यंत्र आणलं. एक पाइप आमच्या बाजूला ठोकला. दुसरा, तात्या बाजारला गेलेत हे बघून, बांधापलीकडे त्यांच्या उसात. आमच्याकडे दुसऱ्याच्या रानात खुंटी ठोकणं म्हणजे हद्द सरकवणं. त्यापायी मुडदे पडलेत. याच मातीत वाढलेल्या मला हे कळायला हवं होतं. मी आकड्यांच्या नादात होतो.

आकडे आले. आमच्या बाजूला चार फुटांवर पाणी ठासून भरलेलं. तात्यांच्या बाजूला तेवढ्याच खोलीवर माती जवळजवळ कोरडी. पुन्हा मोजलं, तेच. वरून पाणी येतच नव्हतं. आबाच उसात मोकाट पाणी सोडून आपलं रान बुडवत होते. मला त्यांचा असा संताप आला की आकड्यांचा कागद चुरगाळून मी खिशात कोंबला.

यंत्र पेटीत बंद करतोय तोच तात्या खोरं घेऊन धावत आले. "खुंटी ठोकतोस व्हय रं माज्या रानात?"

मी काही बोलायच्या आत आबा मध्ये पडले आणि खोऱ्याचा दांडा त्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं मी ऐकलं. उरलेला एक पाइप पायाशी पडला होता, तो उचलून मी तात्यांना हाणलं. ते पडले तरी हाणत होतो. त्यांचा दोष नाही हे सांगणारा कागद माझ्याच खिशात होता. आबांवरचा रागही मी त्यांच्याच पाठीवर काढला.

इंदापूरच्या दवाखान्यात जाताना जीपमध्ये आबांनी विचारलं, "त्येचंच पाणी हुतं न्हवं?"

मोडका हात मांडीवर घेऊन ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"व्हय, आबा," मी म्हणालो.

पुढच्या हंगामात त्यांनी डाव्या हातानं पाट फोडून पाणी तसंच मोकाट सोडलं. बघता बघता सगळं रान पांढरं झालं. मरेपर्यंत ते तात्यांना शिव्या देत राहिले, आणि मी शेजारी बसून ऐकत राहिलो.