चौघी आणि एक तान्ही

छबुबाईच्या कडेवर सदा एक लेकरू आणि ओठावर सदा एक उत्तर. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. सिरसाळ्याबाहेर कापसाची एक गिरणी होती, तिथं ती रेच्यावर कामाला होती. रेचा म्हणजे कापूस ओढून घेणारं यंत्र. रुई एका अंगाला टाकतं, सरकी दुसऱ्या अंगाला, आणि बाईची नजर जरा ढळली तर बोटंही सोडत नाही. असे चाळीस रेचे आणि त्यांवर चाळीस बाया.

तान्ही लेकरं बाहेर मांडवात, म्हाताऱ्या चंद्रभागाबाईजवळ. ती बिचारी एकाला थोपटी तोवर चौघं रडायला लागत. आत घरघर इतकी की आईला स्वतःचं लेकरू ऐकू येत नसे. पण दुधाला ऐकू येतं. वेळ झाली की चोळी आपसूक भिजे.

मागल्या हंगामात बायांनी जूट बांधली होती. जूट म्हणजे काय, तर झेंडा नाही की पावती नाही; ठरलं की चाळीसजणींनी एकदम उठायचं. एवढ्यावर लेकरांना पाजायची दोनदा सुट्टी मिळाली. शेटजी मनानं मऊ झाला असं कुणी समजू नये. चाळीस रेचे गप झाले की इंजिन नुसतंच फुरफुरतं, ते त्याला बघवलं नाही.

यंदा मात्र हैद्राबादेहून गश्ती आली. गश्ती म्हणजे सरकारी हुकूम, तोही उर्दूत. मुनीमानं फाटकात उभं राहून अर्थ सांगितला. पाच कामकरी परवानगीबिगर एका जागी बसले की तो जमाव, आणि जमाव केला की कैद. परवानगी पाहिजे तर दहा दिवस आधी अर्ज द्यायचा, कोण बोलणार आणि काय बोलणार ते लिहून.

"मंजी आमची जूट?" छबुबाईनं विचारलं.

"मोडली समज. अन् पाजायची सुट्टी बी."

"दहा दिस लेकरू उपाशी निजंल का हो, मुनीमजी? तुमच्या आईनं अर्ज दिलता का?"

बाया फिदीफिदी हसल्या. मुनीमाला काही हसू आलं नाही.

अर्ज दिला नाही असं नाही, दिला. गावच्या मौलवीसाहेबांनी उर्दूत फुकट लिहून दिला. पंधरा दिवस उत्तर नाही. सोळाव्या दिवशी कौशल्याबाई, पहिलटकरीण पोर, छातीत गाठी येऊन तापानं फणफणली आणि रेच्यापुढंच खाली बसली. मुनीम म्हणाला, "ऊठ, रुईला डाग पडतील."

छबुबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आईच्या दुधाला डाग म्हणतो मेला! आणि असल्याच्या पाठीशी सरकार उभं! पाच बाया शेजारी बसल्या की तख्त हलतं म्हणे. असलं हलकं तख्त असेल तर त्याला चार विटांचा टेकू द्यावा, बायांची तोंडं कशाला बांधावी?

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि आत फक्त चौघी गेल्या. बाकीच्या फाटकापासून रस्त्याच्या कडेला बसल्या. चौघींचा एक घोळका, मग दहा हात जागा, मग पुन्हा चौघी.

"आत का जात न्हाई तुमी?" मुनीम ओरडला.

"एका छपराखाली चाळीसजणी? जमाव हुतोय की, मुनीमजी! आमाला न्हाई बाबा कायदा मोडायचा."

कापसाच्या गाड्या ओढ्यापर्यंत लागल्या. बैल रवंथ करून थकले. गाडीवाले बिड्या ओढत तमाशा बघू लागले. दुपारी घोड्यावरून अमीनसाहेब आले, म्हणजे पोलिसातला मोठा अंमलदार. त्यांनी सगळे घोळके मोजले. चार, चार, चार. साहेबांचा चेहरा बारीक होत चालला.

तेवढ्यात मुनीम पुढं झाला. "हुजूर, या छबुबाईच्या घोळक्यात पाच हायेत. मांडीवरली बी धरा."

मांडीवर तिची आठ महिन्यांची लेक. अमीनाला तेवढंच पाहिजे होतं. "पाच! हा जमाव झाला."

छबुबाई उठून उभी राहिली. "मंजी ही कामकरी ठरली, साहेब? तुमीच ठरवलं, मी न्हाई. मग कामकऱ्याला दुपारी जेवायची सुट्टी आसती. अन् हिचं जेवान माझ्यापाशी हाय." असं म्हणून खाली बसली आणि पदराआड लेकीला घेतलं.

अमीनानं घोड्याचं तोंड फिरवलं. गाडीवाले असे हसले की बैल बुजले.

दिवस कलताना गाड्या परळीच्या गिरणीकडे वळू लागल्या, तसं शेटजीनं सुट्टी कबूल केली. आणि त्याच संध्याकाळी छबुबाईला धरून बीडला नेलं. कायद्याचं हसं केलं हा गुन्हा गश्तीत नव्हता. मागून घातला असेल; दौत त्यांचीच होती.

कोठडीत मुन्शीनं, म्हणजे ठाण्यातल्या कारकुनानं, कागद पुढं केला. "पुन्हा जूट करणार नाही, एवढंच लिहिलंय. अंगठा दे, घरी जा."

"न्हाई द्यायची."

"अगं बाई, सुट्टी मिळाली ना तुमाला? मग कावून आडून बसलीस?"

"सुट्टी जुटीनं मिळाली. जूट लिहून दिली तर उद्या ती सुट्टी कुणाच्या जिवावर ऱ्हाईल? शेटजीच्या?"

मुन्शीनं कागद रोज आणला. तिनं रोज हात पदरात घेतला. लेक तिच्याजवळच होती, तेवढी मेहरबानी सरकारनं केली होती. सहाव्या दिवशी नवरा, धुळाजी, सिरसाळ्याहून पायी आला. भाकरी सोडता सोडता त्याचे डोळे भरले.

"रडता कशाला?" ती म्हणाली. "आधी सांगा, बाया उठत्यात का?"

"उठत्यात. दोन्ही टायमाला. मुनीम म्हणला, ही शेटजीची मेहरबानी हाय. तवा त्या म्हणल्या, मेहरबानी न्हाई, आमची जूट हाय."

"सगळ्या म्हणल्या?"

"चाळीसातली तू हितं. बाकीच्या समद्या."

अकराव्या दिवशी तिला सोडलं. सरकारला भाकरी परवडेना, असं ती म्हणायची. कागदावर अंगठा काही उठला नाही.