सहलवाल्याच्या खोलीतली टोपली

माझे शुद्धलेखन कच्चे आहे आणि अक्षरही वेडेवाकडे, त्याची माफी असावी. पण खोलीत मारतात त्या मोगऱ्याच्या फवाऱ्याचा वास आला की मला तुमसरचा तो सहलवाला आठवतो. भिसीच्या पैशातून मी लेकीला दहावीनंतर सिंगापूर दाखवणार होते आणि त्याच्याकडे आगाऊ रक्कमही भरली होती. आम्ही तळ्यातली मासोळी विकणारे, म्हणून आम्ही खुर्चीवर बसताच त्याने तो फवारा मारला आणि वर गोड हसला. लेक मोबाइलमध्ये बघून ठरवत होती, पहिल्या दिवशी उंच पाळणा, दुसऱ्या दिवशी बगीचा. मी हळूच म्हटले, "मले तिथला मासोळीबाजार पाहाचा हाये." तो म्हणाला, "मावशी, एवढे पैसे खर्चून मासोळ्याच पाहता का? मंग गावातच रहा न." एरवी बाजारात माझ्यापासून चार हात दूर चालणारी माझी लेक उठली आणि म्हणाली, "माय, चाल. याच्यासंगं नाही जाऊन राहिलो आपण." आगाऊ रक्कम परत मिळत नाही, असे तो म्हणाला. असल्या माणसाशी भांडायचीही मला किळस आली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मासोळीने भरलेली टोपली उचलून त्याच्या थंड खोलीत नेली आणि तिथेच बसून राहिलो. गिऱ्हाइके दारातूनच परतू लागली. त्याचा तो चेहरा आठवला की आजही थुंकावेसे वाटते, पण दुपारच्या आत, नाकाला रुमाल लावून, त्याने सगळेच्या सगळे पैसे परत दिले.