शहाणी झाली का गं?

"आई, स्कूलमध्ये शॉट घेतला. आय सेड येस मायसेल्फ. डोन्ट पॅनिक."

नववीतल्या माझ्या लेकीचा मेसेज मी दोनदा वाचला. शाळेतल्या लशीला मी स्पष्ट नकार कळवला होता. ती पाच वर्षांची असताना पुण्यात एका अँटिबायोटिकच्या इंजेक्शननंतर तिचे ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. त्या औषधाचा आणि लशीचा काही संबंध नाही, असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांचं काय जातंय? दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

ऑफिसमधून तशीच निघाले. गाडीतूनच शाळेत फोन लावला. माझ्याशी बोलायला नर्सने आधी पोरीची परवानगी घेतली! "शी इज अ मॅच्युअर मायनर," म्हणाली. इथे ब्रिटिश कोलंबियात त्याला ठरावीक वय लागत नाही म्हणे. मुलाला फायदे-धोके नीट समजतात अशी नर्सची खात्री पटली, की त्याचा होकार पुरतो. आईबापाचा नकार असला तरीही.

मॅच्युअर म्हणजे शहाणी. आमच्याकडे मुलगी शहाणी होते ती एकाच अर्थाने, पाळी आली की. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईने फोनवर दबक्या आवाजात विचारलं होतं, "शहाणी झाली का गं?" मी "हो" म्हणून विषय संपवला होता. हे दुसरं शहाणपण कधी आलं, मला पत्ताच नाही. राग आला खरा, पण भीती त्याला टिकू देईना. वाटेत कोक्विटलाम शहरातला एकेक सिग्नल नेमका लाल.

शाळेत पोचले, तर लेक नर्सच्या खोलीबाहेर खुर्चीत बसली होती. मी आधी तिचे ओठ पाहिले. नेहमीसारखेच होते. लहानपणचं सगळं तिनेच सांगितलं, त्या औषधाच्या नावासकट, असं नर्स म्हणाली. म्हणून तिला इतरांपेक्षा जास्त वेळ बसवून ठेवलं होतं.

"मला विचारायचं तरी!"

"यू वुड हॅव सेड नो."

ते खरंच होतं. "भीती नाही वाटली तुला?"

"आय वॉज टेरिफाइड, आई." तिने तळहात पुढे केला, घामाने ओला. "नर्सने विचारलं, डू यू वॉन्ट युअर मॉम हिअर? मी नो म्हटलं. मग मला तुलाही सांभाळावं लागलं असतं."

मी तिचा हात धरला. माझाच जास्त थरथरत होता, म्हणून तिनेच तो घट्ट धरून ठेवला.