गाळलेल्या सुराची चाल

पेशाने मला संशयी केलं की मी मुळातच तशी होते, ते सांगता येणार नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट शोधायची हे माझं काम, आणि लॅपटॉप मिटला तरी ते माझ्या डोक्यात चालूच राहतं. त्यामुळे नेदरलँड्समधल्या आल्मेरेत माझ्या घराच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या म्हाताऱ्या डच शेजाऱ्यावर माझी पहिल्या दिवसापासून नजर होती. उंच, पाठीत किंचित वाकलेला, पांढऱ्या केसांची बारीकशी पोनी बांधलेला माणूस. खिडकीचे पडदे कधी ओढायचा नाही. इथे कुणीच ओढत नाही, पण त्याचं न ओढणं मला जरा जास्तच वाटायचं.

बाबा गेल्यावर आईला मी तीन महिन्यांसाठी आणलं आणि ती आल्यावर महिन्याभरात करोनाने सगळं बंद केलं. विमानं थांबली. घरात आम्ही दोघीच, त्यातली एक दिवसभर कानाला हेडफोन लावून वरच्या खोलीत मीटिंगमध्ये. आईला इंग्रजी येत नव्हतं, डचचा तर प्रश्नच नव्हता. ती खिडकीत बसून रस्त्याकडे बघायची, आणि रस्त्यावर कुणीच नसायचं. तिचं जेवण कमी झालं. अर्धी पोळी खाऊन ताट सरकवायची. वजन उतरलेलं गाऊनमधूनही दिसायला लागलं. बाबांच्या पाठोपाठ हीसुद्धा हातातून जाणार, या भीतीने मला भर मीटिंगमध्ये रडू यायचं. मग मी कॅमेरा बंद करायचे.

एका सकाळी खालून गाण्याचा आवाज आला. दिवाणखान्यातल्या सामायिक भिंतीजवळ हीटर होता. तिथे ऊब म्हणून आई खुर्ची लावून बसली होती आणि डोळे मिटून अभंग म्हणत होती. त्या दिवशी तिने दोन पोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशीही गायली आणि जेवली. मग ते रोजचंच झालं. मी कुणापाशी बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून.

आई आमच्या गावच्या महिला भजनी मंडळात चाली लावायची. बाहेरच्या माणसाला हे कदाचित साधं वाटेल. पण दोन मंडळांत चालींवरून जे संशयाचं राजकारण चालतं ते मी लहानपणापासून पाहिलंय. स्पर्धा जवळ आली की पलीकडच्या आळीच्या मंडळातली एक बाई भाजी घ्यायच्या निमित्ताने आमच्या खिडकीखाली रेंगाळायची. म्हणून भर मे महिन्यात सगळ्या खिडक्या घट्ट लावून अकरा बायका घाम पुसत तालीम करायच्या. खिडक्या लावायला सांगणारी आईच.

हीटरपाशी ती जी चाल म्हणायची ती तिची सर्वांत गाजलेली. तिची गंमत अशी की मंडळाच्या पेटीची एक पट्टी मुकी झाली होती, दुरुस्ती करणारा येईना आणि स्पर्धा तोंडावर. तेव्हा आईने तो एक सूर गाळूनच चाल बांधली. धृपदाच्या शेवटी आवाज खाली येता येता एक पायरी सोडून उतरतो. पुढे पेटी दुरुस्त झाली, पण चाल तशीच राहिली. मंडळाला पहिला नंबर मिळाला होता.

मे महिन्यात एकदा माझी मीटिंग लवकर संपली. हेडफोन काढला आणि ऐकलं, तर भिंतीपलीकडून गिटारवर तीच चाल. संथ, चाचपडत, पण तीच. आणि शेवटी ती एक पायरी सोडलेली! माझ्या मनात पाल चुकचुकली नाही, सरळ ओरडली. कोड कुणी चोरला की मूळची चूकही सोबत जाते. चोरी पकडण्याची आमची ही जुनी खूण. जगात दुसऱ्या कुणाला तो सूर गाळण्याचं कारण नव्हतं.

दारावरच्या पाटीवरचं त्याचं नाव मी इंटरनेटवर शोधलं आणि दोन तास हलले नाही. हा माणूस सत्तरच्या दशकात इथल्या एका रॉक बँडचा गिटारिस्ट होता. गाणी लिहायचा, चालीही त्याच्याच. फोटोत खांद्यापर्यंत केस, कमरेला हातभर रुंद पट्टा. बेकरीची जुनी गाडी घेऊन चौघे जर्मनीभर फिरले होते. एक गाणं इतकं चाललं की वर्ष संपताना जुन्या गाण्यांमध्ये रेडिओवर अजून लागतं. पुढे गायकाशी बिनसलं. त्या गायकाने एका मुलाखतीत साफ सांगितलं होतं की त्या गाण्याची चाल मुळात माझी, याने ढापली. बँड फुटला. आमचा शेजारी काही वर्षं मुलांना गिटार शिकवत होता आणि मग कालव्यावरचा पूल बोटींसाठी उघडझाप करायच्या नोकरीतून निवृत्त झाला. त्या मुलाखतीनंतर त्याच्या नावावर एकही नवं गाणं नव्हतं. मला वाटलं, आता सापडलं असणार आयतं. माझ्या आईकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याची बेल वाजवली. नियमाप्रमाणे दीड मीटर मागे उभी राहिले. इंग्रजीत तयारी करून गेले होते.

"तुम्ही माझ्या आईची चाल वाजवताय. ती तिने स्वतः बांधलेली आहे. ही चाल बाहेर कुठे आली तर मी गप्प बसणार नाही. आणि तुमच्या गायकाची ती जुनी मुलाखत मी वाचली आहे."

शेवटचं वाक्य तयारीत नव्हतं. ते आपोआप आलं, आणि बोलताना मला चांगलं वाटलं हेही खरं. तो काहीतरी म्हणणार होता. मग नुसतं "समजलं" म्हणाला आणि दार हळू लावलं. त्या हळू लावण्याचाही मी संशय घेतला.

गिटार थांबली. मी खूश. चौथ्या दिवशी आईचं ताट पुन्हा अर्धं राहिलं.

"गायली नाहीस का आज?"

"शेजारचे आजोबा आजारी आहेत का गं? चार दिवस वाजवलं नाही त्यांनी. जाऊन बघून येतेस का?"

"तुला माहितीये ते वाजवतात ते?"

"अगं, मीच शिकवली ना त्यांना! आधी ते नुसते सूर धरायचे. मग मी एक ओळ म्हणून थांबायला लागले, की ते वाजवायचे. शेवटाला तो सूर भरून टाकायचे सारखे. पाच-सहा वेळा म्हणून दाखवलं, तेव्हा कुठे गाळायला लागले. तीन आठवडे झाले आमचं चाललंय. तू वर असतेस ना."

"तू तर खिडक्या लावून घ्यायचीस!"

"ती बाई चाल उचलायला यायची. हे शिकत होते." मग माझा चेहरा बघून तिने विचारलं, "काय बोललीस तू त्यांना?"

मी सगळं सांगितलं. मुलाखतीचंही. आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "इथे माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं," आणि उठून आत गेली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी पुन्हा बेल वाजवली. माफी मागितली, शिकवणीचं मला माहीत नव्हतं म्हणाले, कृपा करून पुन्हा वाजवा म्हणाले. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तू मनापासून बोलतेयस, ते दिसतंय," तो म्हणाला. "माझा राग नाही. पण आता वाजवायला बसलो की मला कळणार ना, तू ऐकतेयस."

मी घरी येऊन आईला ते शब्दशः सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर तिने खुर्ची भिंतीकडे वळवली आणि मला म्हणाली, "तू जरा बाहेर जाऊन ये."

"मी वर हेडफोन लावून बसते ना."

"नको. बाहेर जा. आणि त्यांच्या खिडकीसमोरून जा, म्हणजे दिसशील."

पहिल्या मीटिंगची वेळ मी पुढे ढकलून घेतली. निघताना फोन रेकॉर्डिंगला लावून फडताळावर ठेवावा असं क्षणभर मनात आलं होतं, ते लपवत नाही. पण फोन घेऊन निघाले. त्याच्या खिडकीसमोरून हात हलवून गेले, कालव्याकाठी पाऊण तास चालत राहिले, पावसातसुद्धा. आई भारतात परत जाईपर्यंत रोज. त्या पाऊण तासात भिंतीच्या दोन्ही बाजूंना काय होत होतं, की काहीच होत नव्हतं, ते आईने सांगितलं नाही. मीही तिला कधी विचारलं नाही.