बियाण्याची कणगी

वृत्तपत्रातली नोकरी सोडून मी दिग्रसजवळच्या गावी आले, ती माझ्या वाट्याचं वावर स्वतः कसायला. पहिल्या हंगामात दुकानातून आणलेलं तुरीचं बियाणं निम्मंही उगवलं नाही. दुकानदाराने पावसाला दोष दिला, कंपनीच्या माणसाने माझ्या पेरणीला. सवयीने मी दोघांचंही म्हणणं वहीत उतरवून घेतलं. मग ठरवलं, यापुढे पाकीट घ्यायचं नाही.

जवळच्या बंजारा तांड्यावर एक म्हातारी राहते. तांड्यातले सगळे तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. मीही म्हणू लागले. तिने दिलेल्या गावरान तुरीवरच माझी दुबार पेरणी झाली होती. जानेवारीत ती तूर निघाली. पुढच्या पेरणीचं बी राखायला कणगी कशी करायची, हे शिकायला मी पुन्हा तिच्याकडे गेले.

तुराट्या म्हणजे तुरीच्या काड्या; ओल्या वाकतात, वाळल्या की मोडतात. म्हणून विणायचं ते कापणीच्याच आठवड्यात. माझी पहिली कणगी एका बाजूला कलली. याडीने ती उसवून टाकली आणि तुराट्या परत माझ्यापुढे ठेवल्या. दुसरी कमरेइतकी उभी राहिली. तिला आतून-बाहेरून शेण, माती आणि कुटाराचा, म्हणजे मळणीतल्या भुशाचा, लेप दिला.

"वाळायला किती दिवस?" मी विचारलं.

"तीन दिस."

मी लिहून घेतलं.

शेजारीच राहणारा माझा मोठा भाऊ दुकानाचीच पाकिटं पेरतो. तो माझ्यादेखत पाहुण्यांना म्हणाला, "पेपरवाली बाई आता टोपले विणून राह्यली." मग माझ्याकडे वळून, "पाकीट आणलं तर काय इज्जत जाते का तुई?"

"जाते," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निवडलेलं बी कणगीत भरलं, वर कडुनिंबाचा पाला टाकला, तोंड लिंपलं. मे महिन्यात उघडलं तेव्हा कुबट वास आला. वरचं बी ठीक होतं. खालच्या दाण्यांचे गोळे झाले होते, त्यांवर करडी बुरशी.

याडी आली. खालच्या लेपाचा तुकडा मोडून तिने हुंगला.

"कवा भरलं होतं हे?"

"तीन दिवसांनी. तुम्हीच सांगितलं होतं."

"त्यातले दोन दिस आभाळ होतं ना वं. तुया वहीत आभाळ नसते काय?"

दिवस ती मोजतच नव्हती. कणगीला गाल लावायचा. थंड लागली तर ओली आहे. जानेवारीत तिच्या घरी तिला स्वतःच्या कणगीला तसा गाल लावताना मी पाहिलं होतं. म्हाताऱ्या माणसाची माया, असं समजून ते टिपून घेतलं नव्हतं.

वरचं बी ओल्या पोत्यात घालून उगवण पाहिली. चांगली होती, पण बी अर्ध्या वावरापुरतंच होतं. याडीचं जास्तीचं बी तिच्या मुलींकडे गेलं होतं.

जूनमध्ये मी तेवढंच पेरलं. भाऊ मोटरसायकलवर पाकिटं घेऊन बांधावर आला.

"बाकीचं वावर कायले रिकामं ठेवतं? घे, माह्याकडून घे."

"नको."

"गाव हसून राह्यलं."

"हसू दे."

"तुले एका चुकीनं अक्कल नाही आली?"

"आली. लिंपण वाळवायची."

त्याने पाकिटं परत पिशवीत भरली. अर्धं वावर त्या साली तसंच राहिलं, थेट रस्त्यालगत. बस थांबली की लोक खिडकीतून विचारायचे, इथे काहून काही नाही. बी कमी पडलं, मी सांगायचे. दुकान बंद होतं काय, असं एकाने विचारलं. उघडं होतं, मी म्हटलं.